ताटातले दोन लाख पंधरा हजार

नीलम्मामावशीच्या दाव्यातला शब्द न् शब्द मी माझ्या बोटांनी टाइप केलाय, त्यामुळं त्यावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे. सेलूच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडात माझा कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. सुकेशनी टायपिस्ट म्हणून कुणालाही विचारा. चौदा वर्षांत भावाभावांचे, बापलेकांचे, नवराबायकोचे इतके दावे टाइप केले की माणसं समोर बसली तरी मला नात्याच्या आधी कलम दिसतं. जीभही तिखट झालीय, नाकारत नाही. वकील लोक आपसांत म्हणतात, सुकेशनीबाईकडं कागद न्यायचा तर आधी स्वतः वाचून न्यावा.

नीलम्मामावशीला मात्र मी कधी टाकून बोलले नाही. एक तर तिचं वय पासष्टच्या पुढं, आणि दुसरं म्हणजे तिच्या हातची भाकर. कोर्टातल्या निम्म्या वकिलांना आणि कारकुनांना दुपारचा डबा तीच द्यायची. ज्वारीची भाकर, पातळ पिठलं, शेंगदाण्याची चटणी. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या. बारा वाजले की फाटकातून यायची आणि पहिला डबा माझ्या टेबलावर ठेवायची.

मूळची ती वालूरची, लिंगायत वाण्याच्या घरची. तिशीच्या आतच नवरा वारला तेव्हा कडेवर दोन वर्षांची त्रिवेणी होती. वडिलांनी माघारी आणलं. बाजारपेठेत वडिलांचं किराणा दुकान आणि त्याच्या मागंच घर. मावशीनं त्या दुकानात बारा वर्षं तागडी धरली. भाऊ एकच, रामलिंग, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळं त्याला हिनंच न्हाऊ-माखू घातलेलं. तो तिला अक्का म्हणायचा. पुढं त्रिवेणीच्या शाळेसाठी मावशी सेलूला एका खोलीत येऊन राहिली आणि डबे सुरू केले. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षं परत वालूरला जाऊन त्यांचं सगळं तिनंच केलं.

वडील गेले आणि दुकान-घरावर दोघांची नावं लागली. रामलिंगचा पोरगा शिवप्रकाश तेव्हा नुकता कॉलेजातून बाहेर पडला होता. त्याला बोरीला खत-बियाण्यांचं दुकान टाकून द्यायचं रामलिंगच्या मनात होतं. म्हणून वालूरचं दुकान-घर चौदा लाखाला विकलं. मावशीच्या वाट्याचे चार लाख रामलिंग सात वर्षांच्या आत देणार, असं त्यानं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं आणि खाली सही केली. कायद्यानं तिचा निम्मा हिस्सा होत होता. पण भावाच्या पोराचं बस्तान बसतंय म्हणून मावशी चारवर खूश होती. मला कुणी सांगायची गरज नाही, मी स्वतः माझ्या भावाला एका साडीवर हक्कसोड करून दिलंय. आपण बाया अशाच.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला रामलिंग बोरीहून मोटारसायकलवर सेलूला आला. मावशीनं पाट मांडला, ओवाळलं, आणि त्यानं ताटात पंधरा हजार ठेवले. आधी दरवर्षी पाचशे एक ठेवायचा. पुढच्या वर्षी वीस हजार ठेवले. मग परत वीस, मग पंचवीस, तीस, तीस, पस्तीस, चाळीस. अशा आठ भाऊबिजा झाल्या. पहिल्या सहांचे पैसे त्रिवेणीच्या लग्नाचं कर्ज फेडण्यात गेले. शेवटच्या दोनांच्या मावशीनं सोन्याच्या दोन बांगड्या केल्या. हे पैसे कशाचे, हे त्या आठ वर्षांत त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही.

गाडं अडलं ते खोलीवरून. मावशी वीस वर्षं ज्या खोलीत भाड्यानं राहत होती तिचे मालक हरिओमशेठ. माणूस सज्जन. त्यांनी खोली विकायला काढली आणि पहिल्यांदा मावशीलाच विचारलं. चार लाख द्या, खोली तुमच्या नावावर करतो म्हणाले. वीस वर्षांची चूल, पाण्याचा नळ, कोर्ट पाच मिनिटांवर. ती खोली गेली तर डबे गेले, आणि डबे गेले तर जावयाच्या दारात जाऊन राहायचं. मावशीला तेवढं सोडून काहीही चाललं असतं. सात वर्षं उलटून गेलीच होती. ती बोरीला गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाकडं पैसे मागितले.

रामलिंग खाली बघत बसला. बोलला शिवप्रकाश. दुकानाचा व्यवहार आता तो बघत होता, दोन हंगाम खराब गेलेले, बियाण्याचा माल अंगावर पडलेला. त्यानं वडिलांची वही काढली. रामलिंगला बापासारखीच सवय, घरातून रुपया बाहेर गेला की वहीत चढवायचा. वर तारीख, खाली नाव आणि आकडा, बास. कशासाठी दिले ते स्वतःला ठाऊक असतं, मग लिहायचं कशाला? वहीत आठ ठिकाणी होतं, नीलम्मा पंधरा हजार, नीलम्मा वीस हजार, असं चाळीसपर्यंत. शिवप्रकाशनं बेरीज करून दाखवली, दोन लाख पंधरा हजार. आत्या, निम्म्याच्या वर तुमाला पोचलेत, एक लाख पंच्याऐंशी राहिले, तेवढे हळूहळू देतो, असं तो म्हणाला. आवाज चढवला नाही पोरानं, तेही खरं. मावशी चहा न घेता उठली आणि बसनं परत आली.

भुजंग वकिलांनी दावा लावला. हरिओमशेठ निकालापर्यंत थांबायला तयार झाले. फीमध्ये डब्याचे पैसे वळते करायचं ठरलं. भुजंगरावांना भाकरीवर अर्धी भाकर जास्त लागते, त्यामुळं ती फी वर्षभरात फिटली असेल असा माझा अंदाज आहे. दावा लागल्यावर दोन दिवाळ्या गेल्या. दोन्ही वर्षी मावशीनं भाऊबीजेला पाट मांडला, निरांजन लावलं आणि संध्याकाळी उचलून ठेवलं. रामलिंग आला नाही. शेवटी चंद्राला ओवाळलं, असं मला तिनंच सांगितलं.

समोरच्या वकिलांचा लेखी जबाब आला तेव्हा तो माझ्याच शेडात वाचला गेला. आठ तारखा, आठ रकमा, आणि खाली लिहिलेलं की सदर रकमा वादीस तिच्या हिश्श्यापोटी वेळोवेळी रोख अदा केल्या. माझं डोकंच फिरलं. प्रत्येक तारीख भाऊबीजेची! आठही वर्षांची जुनी कॅलेंडरं काढून भुजंगरावांच्या पुढ्यात आपटली मी. म्हटलं, बहिणीनं ओवाळायचं आणि भावानं हप्ता फेडायचा, असला धंदा कोणत्या कायद्यात बसतो? भुजंगराव शांतपणे म्हणाले की बाई, तारीख आपल्या बाजूनं आहे आणि रक्कम त्यांच्या बाजूनं. चाळीस हजारांची ओवाळणी खरी कोण मानणार? मला ते पटलं नाही.

दुपारी मावशी डबा घेऊन आली तेव्हा मी तिलाच धरलं. म्हटलं, खरं सांगा मावशी, एवढी रक्कम ताटात पडायली, तुम्हाला कधी शंका आली नाही?

मावशीनं पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "पयल्याच वर्साला आली. नोटांना ब्यांकेची पट्टी व्हती. ओवाळनीला कुनी पट्टी लावून आनतं का? पन इचारलं आसतं आन् त्यो म्हनला आसता की आक्का, हे देन्यातलं हाय, मग त्या दिवशी मला ओवाळनी काय राहिली? म्हनून न्हाई इचारलं."

 म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मला तिचा राग आला, खरंच आला. हे कोर्टात बोलू नका, असं मी तिला बजावलं. वकिलांनीही बजावलं. फक्त एवढंच म्हणायचं, ती ओवाळणी होती.

उलटतपासणीच्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद करून आत मागच्या बाकावर जाऊन बसले. समोर दुसऱ्या टोकाला रामलिंग आणि शिवप्रकाश. रामलिंग वाळला होता. सदरा खांद्यावरून ओघळत होता. मावशी कठड्यात उभी राहिली तेव्हा त्यानं मान वर करून एकदा पाहिलं आणि परत खाली घातली.

समोरचे वकील हुशार. त्यांनी आधी एकेक रक्कम मिळाल्याचं कबूल करून घेतलं. मावशी प्रत्येकीला हो म्हणाली. मग त्यांनी विचारलं की आधीच्या वर्षांत भाऊ किती ओवाळणी द्यायचा. पाचशे एक, मावशी म्हणाली. वकील जज्जसाहेबांकडं वळून हसले. पाचशे एक देणारा माणूस घर विकल्याच्या वर्षीपासूनच एकदम पंधरा हजार, चाळीस हजार द्यायला लागतो, हे पैसे हिश्श्याचेच होते, हे खरं आहे ना बाई, असं त्यांनी विचारलं.  भुजंगराव पेन चावायला लागले.

मावशीनं पदर सावरला. साहेबांनी सांगितलं की घाई नाही, विचार करून बोला. मग ती वकिलाकडं न बघता साहेबांकडं बघून बोलली.

"सायेब, हिश्श्याचे म्हनायचे तर हिश्श्याचे म्हना. मह्या नावापुढं तसं लिवा, मी सही करते. पन मग त्याच्याखाली आजून एक ओळ लिवा. आठ वर्सं मी भावाला ओवाळलं आन् आठ वर्सं मह्या भावानं ताट रिकामं ठिवलं."

 लिहून घेणाऱ्या कारकुनानं साहेबांकडं पाहिलं, हे लिहू का म्हणून. साहेब म्हणाले, लिहा, शब्द न बदलता लिहा. वकिलांनी पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत म्हणून सांगितलं आणि खाली बसले.

रामलिंगची पाळी दुसऱ्या तारखेला आली. शपथपत्र त्याच्या वकिलांनी तयार केलेलं, त्यात तेच, रकमा हिश्श्यापोटी दिल्या. मावशीनं त्या दिवशी डबे बंद ठेवले होते. भुजंगराव उठले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. एरवी त्यांना एका प्रश्नाची दहा वाक्यं करायची सवय आहे, पण त्या दिवशी नीट वागले. ते म्हणाले, "रामलिंगअप्पा, या आठ भाऊबिजांना तुम्ही बहिणीला ओवाळणी किती घातली?"

 रामलिंगचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. शिवप्रकाश मागून पुटपुटला, बापू, सांगा ना. साहेबांनी त्याला दटावलं. मी स्वतःशी मोजत होते, शून्य म्हणाला तर दोन लाख पंधरा हजार वाचतात याचे. फक्त शून्य म्हणायचं होतं त्याला.

"सायेब, पैसे खिशात घालून निघताना मनात देनं असायचं," तो म्हणाला. "आक्काचं देनं राहिलंय, तेवढंच कमी व्हईल म्हनून जास्तीचे आनायचो. पन तिथं पाटावर बसलं, तिनं कुंकू लावलं, की मला सांगायला तोंडच व्हायचं न्हाई. मी आठ वर्सं ओवाळून घेतलंय. फुकट न्हाई घेतलं. ती ओवाळनीच व्हती."

खाली बसताना भुजंगरावांची खुर्ची चुकली. शिवप्रकाश उठून बाहेर गेला. मी बाहेर आले तेव्हा तो शेडाजवळ उभा होता, तोंड उतरलेलं. मी इतक्या दिवसांची त्याच्यासाठी जपून ठेवलेली चार वाक्यं घेऊनच आले होते, पण ती मला बोलवेनात. तो म्हणाला की बाई, वहीत नुसता आकडा व्हता, मी आकडाच वाचला. पाणी पाजलं त्याला.

दावा जिंकल्यात जमा होता. साहेबांनी मात्र दोघांना लोकअदालतीत बसायला सांगितलं. तिथं टेबलाच्या एका बाजूला भाऊ, एका बाजूला बहीण, मध्ये साहेब आणि एक वकीलबाई. तडजोडीचा कागद टाइप करायला मला बोलावलेलं. आणि तिथं जे झालं ते चौदा वर्षांत मी कधी पाहिलं नाही.

रामलिंग म्हणाला, पूर्ण चार लाख देतो. मावशी म्हणाली, घेणार नाही. म्हणाली की दरसाल पाचशे एक ओवाळणी धरा, आठ वर्षांचे चार हजार आठ झाले, बाकी सगळे देण्यात वळते करा. मी टायपिंग सोडून तिच्याकडं बघत राहिले. अहो, जिंकलेला दावा! खोली जाईल मावशी, असं मी भर अदालतीत बोलले आणि साहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. रामलिंग ऐकेना, ओवाळणी परत घेणारा भाऊ मी नाही म्हणाला. मावशी ऐकेना, नोटांच्या पट्ट्या मी पाहिल्या होत्या म्हणाली. दोघं एकमेकांचाच दावा लढायला लागले. शेवटी साहेबांनी चष्मा काढला आणि आधी यात वादी कोण आहे ते मला सांगा, असं म्हणाले. वकीलबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

तीन लाखांवर जमलं. दोघांनाही ते पटलेलं नव्हतं, म्हणजे बरोबरच असावं. रामलिंगनं महिन्याभरात पैसे दिले. त्यासाठी शिवप्रकाशनं पडून राहिलेला माल तोट्यात काढला असं नंतर कळलं. खोलीला लाख कमी पडत होता. मावशीनं त्या दोन बांगड्या मोडल्या. सोनं इतकं चढलं होतं की लाखाच्या वर आले. हरिओमशेठनं दिवाळीच्या आधी खोली तिच्या नावावर करून दिली. खरेदीखत मीच टाइप केलं आणि पैसे घेतले नाहीत, हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

भाऊबीजेला मावशीनं मला जेवायला बोलावलं. मी गेले तेव्हा पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. मावशी दर दोन मिनिटांनी दाराशी जायची आणि काहीतरी काम असल्यासारखं करून परत यायची. दोन वर्षं तो पाट तसाच उचललेला होता.  दुपारी मोटारसायकल थांबली. शिवप्रकाशनं बापाला आणलं होतं. पोरगा बाहेरच घुटमळत होता, तर मावशीनं त्याला कान धरून आत घेतलं आणि हातात करंजी दिली.

तिनं ओवाळलं. रामलिंगनं सदऱ्याच्या खिशातून पाचशेची नोट आणि रुपयाचं नाणं काढून ताटात ठेवलं. नोटेला पट्टी नव्हती. मावशीनं ताट बाजूला ठेवलं आणि भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघंही रडत होते आणि दोघंही डोळ्यांत धूर गेल्यासारखं करत होते.

जेवण झाल्यावर रामलिंगनं खिशातून छोटी वही काढली आणि माझ्याकडं पेन मागितलं. जन्माची सवय, घरी जाईपर्यंत थांबवत नाही. लोकांचे कागद वाचायचा माझा धंदाच आहे, मी वाकून पाहिलं. त्यानं तारखेखाली लिहिलं, नीलम्मा, पाचशे एक. पेन तिथंच थांबलं. मग त्यानं आकड्याच्या पुढं आणखी एक शब्द लिहिला आणि वही मावशीपुढं धरली.

मावशीचा चष्मा सापडेना. तिनं वही माझ्या हातात दिली, काय लिवलंय ते वाच म्हणाली. मी वाचलं, नीलम्मा, पाचशे एक, ओवाळणी.

"परत वाच," मावशी म्हणाली.

मी परत वाचलं.